कोंडाजीआबांची पट्टी

तमाम फूलप्रेमी जनतेला जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, भंडारदऱ्याच्या डोंगरात फुलांचा एक खाटीक राहत होता. नाव कोंडाजीआबा. धंदा चहाच्या टपरीचा. हत्यार विळा.

भादव्यात पठार सोनकीने पिवळं झालं, की पुण्या-नाशिकच्या गाड्या येण्याआधी आबा कड्याकडे निघायचे. शेवटचं अंतर पोटावर सरपटत. एका हाताने मुळांखाली चाचपायचे आणि खाली जमीन लागली नाही, की दुसऱ्या हाताने तिथली सोनकी सपासप कापायचे. असं करत कड्याच्या काठाने हातभर रुंद, बोडकी पट्टी काढायचे. पर्यटक त्यांना नाही नाही ते बोलत. एका बाईंनी तर फुलांचे तळतळाट लागतील म्हणून सुनावलं होतं. आबांनी त्यांना जास्त आलं घालून चहा दिला.

दरवर्षी नव्याने कशाला चाचपायचं, मागच्या वर्षीची जागा ठाऊक असेलच की, असं मी एकदा म्हटलं.

"कडा कुठं एका जागी बसतोय?" आबा म्हणाले. "दर पावसाळ्यात ढासळतो, गावाकडं सरकतो. माती जाती, मुळ्यांची जाळी तेवढी ऱ्हाती. अन् ही बया तिच्यावर बी फुलती, वाऱ्यावर. माझी गाभण गाय गेली हिच्यातनं चालत. हंबरली बी न्हाई."

एवढं सांगून ते मिश्कील हसले.

यंदा आषाढात आबा तापाने गेले. भादव्यात आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा टपरीवर त्यांची सून हौसा होती. पठार असं फुललेलं, की पिवळा रंग थेट आभाळाला टेकला होता. इतकी छान सोनकी कधीच पाहिली नव्हती, असं म्हणत आमची सौ. फुलांत शिरली आणि फोटोसाठी हसत हसत एकेक पाऊल मागे जाऊ लागली.

मोबाईलमध्ये मला काहीतरी कमी दिसत होतं. काय, ते ध्यानात येईना. पिवळं, मग निळं. मध्ये बोडकी पट्टीच नव्हती.

पाठीमागे किटली आदळली आणि हौसा ओरडली, "ताई, हाये तिथंच खाली बसा! आबा गेल्यापास्नं कडा कुठं हाय, ते आमाला बी न्हाई ठावं!"