भिंतीवरचा करकोचा

त्या प्रकरणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. तिथल्या हायस्कुलात, विज्ञानाच्या वर्गात, काचेच्या पेटीत पेंढा भरलेला करकोचा भिंतीवर लावलेला होता. लांब पाय, लांब चोच, मागे रंगवलेलं तळं. एका सोमवारी वर्ग उघडला तेव्हा भिंत मोकळी होती.

फिर्याद शाळेच्या सेक्रेटरींनी दिली. शाळेमागच्या माळावर पाल ठोकून राहणाऱ्या एका पारध्याचं नाव त्यांनी संशयित म्हणून दिलं. तो फासे लावून तित्तर धरायचा, एवढाच आधार. मी त्या दिवशी नगरला कोर्टात साक्षीला गेलो होतो. परतलो तोवर आमच्या हवालदाराने त्याला उचलून आणून बडवलं होतं. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती.

"साहेब, मेलेलं पाखरू मी कशाला चोरू? त्ये खाता येत न्हाई का इकता येत न्हाई," तो म्हणाला.

त्याला दवाखान्यात पाठवून मी पंचनामा वाचला. कुलूप शाबूत, खिडकीला गज. म्हणजे आत शिरलेल्याकडे किल्ली होती. ती हेडमास्तरांकडे आणि सेक्रेटरींकडेच असे.

दुसऱ्या दिवशी गावातला एक सुतार ठाण्यात आला. "माझं नाव कुटं येऊ देऊ नका. सेक्रेटरींच्या बंगल्यावर फुटकी काच बदलायला गेल्तो. पेटीत लांब पायाचं पाखरू हाय."

पंच आणि विज्ञानाचे मास्तर यांना घेऊन मी बंगल्यावर गेलो. दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, करकोचा टांगलेला होता.

"हा मी मुंबईहून आणलाय," सेक्रेटरी म्हणाले.

मास्तरांनी जवळ जाऊन पाहिलं. "साहेब, ही चोच मोडली होती. मीच लाखेने जोडली. हा सांधा बघा."

सेक्रेटरी हसले. "शाळा आमचीच आहे. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आणला. मास्तरांनी बोभाटा केला, मग फिर्याद द्यावी लागली."

"आणि पारध्याचं नाव?"

"कुणाचं तरी द्यायला हवंच होतं. त्या लोकांना माराची सवय असते."

खून करून आलेली माणसंही माझ्यासमोर इतकं सहज बोलली नव्हती. मी पंचांसमोर पेटी भिंतीवरून उतरवून घेतली.

वरून फोन आले, मिटवून टाका म्हणून. मी मिटवलं नाही. खोटी खबर दिल्याबद्दल सेक्रेटरींवर कोर्टात तक्रार केली, हवालदाराविरुद्ध अहवाल धाडला. सेक्रेटरींना किरकोळ दंड झाला आणि ते खुर्चीवर कायम राहिले. हवालदाराची फक्त बदली झाली. पारध्याची बोटं वाकडीच राहिली, त्याला फाशाची गाठ मारता येईना. निकाल सांगायला मी पालावर गेलो, तर त्याची बायको सामान बांधत होती.

"आमाला निकाल नको, साहेब," ती म्हणाली. "पुन्हा बोलवू नका, तेवढं करा."

ते कर्जतच्या बाजूला निघून गेले.

पुढे नोकरीभर मी एक नियम पाळला. फिर्यादीसोबत संशयिताचं नाव आयतं हातात आलं, की आधी फिर्याद देणाऱ्याच्याच घरी जायचं.