मळाईची खोळ

देवळात शिरल्या शिरल्या कॅमेरा बाहेर काढणारी माणसं मला आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणजे मी त्यांना तसं तोंडावर सांगतो. दर रविवारी दहा-बारा जणांना घेऊन मी पुण्याच्या आसपासची पडकी देवळं दाखवतो, तिथे फोटो कसे काढायचे ते शिकवतो, आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आधी पिशवीची चेन लावा, देवळाभोवती एक चक्कर मारून या, मग बोलू. निम्म्यांची तोंडं तिथेच पडतात. पडू देत. सकाळचं तिरपं ऊन दगडावर जेमतेम अर्धा तास टिकतं, त्यात यांचे रुसवे कोण काढत बसणार?

बाकीचेही नियम आहेत. कोरीवकाम उठून दिसावं म्हणून दगडावर पाणी ओतायचं नाही, अक्षरांवर खडू फिरवायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. खांब फोटोत वाकडे आले तर दोष बांधणाऱ्याचा नाही, तुमचा. चार पावलं मागे जा. आणि शेंदूर फ्रेममध्ये घ्यायचा नाही. कॅमेऱ्याला शेंदूर कळत नाही, नुसता लाल डाग येतो आणि सगळा फोटो खातो.

धायरीच्या मागच्या अंगाला दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये असंच एक देऊळ होतं. शिखर कधीच गेलं होतं, सभामंडपाचे सात खांब उभे होते आणि गाभाऱ्यात मळाई. पूर्वी तिथे मळे होते, म्हणून मळाई. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाभाऱ्यात कमरेएवढा शेंदराचा गोळा होता, त्याला दोन चांदीचे डोळे लावलेले, आणि पुढ्यात बसून एक साठी उलटलेली बाई त्या गोळ्याला झापत होती.

"काल न्हाई आले तर लगीच तोंड पाडून बसलीस व्हय? पाय सुजलाय माजा. तुझं काय जातंय, बसून खायाचंय."

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्याशी न्हाई," म्हणाली आणि पुन्हा तिकडे वळली. असं उत्तर मला पेठांच्या बाहेर पहिल्यांदाच मिळालं. ही बायडाबाई.

ती काही तिथली गुरवीण नव्हती. कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी विचारलेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती त्या मळ्यात आली, चोविसाव्या वर्षी नवरा विहिरीचं काम करताना दरड अंगावर येऊन गेला. कपाळ पांढरं झालं तशी सासूने घरच्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, लग्नकार्यात ती मागच्या दाराला भांडी घासायला. मग ती मळाईकडे आली. पडक्या देवळात अडवणार कोण? तिथे तिने झाडलं, दिवा लावला, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तेलात शेंदूर कालवून हाताने देवीला थापायला लागली. पंचेचाळीस वर्षं. तिची नखं कायमची केशरी झाली होती.

मधल्या काळात मुलाने मळा विकला आणि त्याच जागेवरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सून नम्रता नोकरी करणारी, स्वभावाने बरी, पण घरात सासूला करण्यासारखं काही नव्हतं. बाई सकाळी उठायची ती जिना उतरून देवळात. "घरात माज्यावाचून काय अडत न्हाई," मला एकदा म्हणाली. "हितं मी हाय." बस्स, एवढंच तिचं होतं. जगात एका देवाला तिचा हात चालत होता.

सहा वर्षं मी तिथे जात होतो. पहिल्याच वर्षी गाभाऱ्यापुढचं निर्माल्य फोटोत येतंय म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. तेव्हापासून रविवारी माझी माणसं यायच्या आत ती सगळा मंडप लख्ख झाडून ठेवायची. मी कधी आभार मानल्याचं आठवत नाही. मला ती गैरसोय वाटायची. फोटो काढताना मध्ये येणारं पांढरं लुगडं.

गेल्या मे महिन्यात त्या गोळ्याला भेग पडली. उन्हाने शेंदराचे थर सुटत होते. खालच्या बाजूला चार बोटं तुकडा निघाला आणि आतून काळ्या दगडातलं पाऊल दिसलं, पैंजणासकट. काय पाऊल होतं ते. पैंजणाचा एकेक मणी वेगळा. मला तीन दिवस दुसरं काही सुचेना. पंचेचाळीस वर्षांच्या, कदाचित दोनशे वर्षांच्या त्या थापेच्या आत बाराव्या शतकातली मूर्ती उभी होती आणि ती मला हवी होती. लपवत नाही, हवीच होती. फोटोला.

आता शेंदराची खोळ अशी ओरबाडून काढत नाहीत. देव आपणहून टाकतो, तेव्हा लोक ती वाजतगाजत नदीला सोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून शेंदूर चढवतात. हे मला ठाऊक होतं. म्हणून रविवारी सगळ्यांसमोर मी बायडाबाईंना म्हणालो, "बाई, देवी खोळ टाकायला आलीय. तिचा जीव कोंडलाय आत."

तिचा चेहरा उजळला. "माज्या हयातीत टाकती?" तिने दोनदा विचारलं. "तुमास्नी कळतंय त्यातलं, सायेब. तिच्या मनात हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

मी भेगेत लोखंडी पट्टी सारली. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी कडेला धरून ओढलं. माझी बारा माणसं मोबाइल वर करून उभी होती. खोळ एकदम सुटली आणि खाली पडून तिचा चुरा झाला. आत दोन बोटं उंचीचं जोतं आणि त्यावर देवी. बारीक कंबर, डाव्या खांद्यावरून आलेली फुलांची माळ, दगडात असून झिरझिरीत वाटणारं वस्त्र. चारातले तीन हात कोपरापासून गेलेले. चेहऱ्याच्या जागी सपाट, छिन्नीने तासलेला दगड.

कुणीतरी "बाप रे" म्हणालं. मी गुडघ्यावर बसून फोटो काढायला लागलो होतो. दाराच्या फटीतून ऊन थेट कमरेवर येत होतं. असं ऊन पुन्हा मिळत नाही.

"तोंड कुटाय?" बायडाबाईंनी विचारलं. "सायेब, तिचं तोंड कुटाय?"

मी त्रेचाळीस फोटो काढले आणि मग उत्तर दिलं. म्हटलं, फार पूर्वी कुणीतरी फोडलंय.

चुऱ्यातून तिने चांदीचे डोळे शोधून पदराने पुसले. दुसऱ्या दिवशी मेणाने ते त्या सपाट दगडावर लावून बघितले. उन्हाने मेण सुटलं, डोळे पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. मग ती शेंदूर कालवायला बसली. मी नेमका तेव्हाच वेगळी लेन्स घेऊन आलो होतो. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"खबरदार पुन्हा थापलंत तर. आठशे वर्षांची मूर्ती आहे, भिंत नाही सारवायची. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

तिने ऐकलं. तज्ज्ञ ना मी. तिने तेव्हा ऐकलं नसतं, चार दिवसांत पहिला थर चढला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगतो आणि तिचा काडीचाही उपयोग होत नाही.

त्या संध्याकाळी मी सर्वांत चांगला फोटो टाकला. खाली लिहिलं: मळाई, धायरी परिसर. भग्न मूर्ती, अंदाजे बारावं शतक. भग्न हा आमचा रोजचा शब्द. जसं डॉक्टर लिहितात, डावा हात मोडला, तसं. मोडला म्हणजे माणूस फेकून द्या असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण देवाच्या बाबतीत गावात त्या शब्दाचा अर्थ एकच. भग्न मूर्ती पुजायची नाही. पुजली तर घरादारावर येतं. तिला पाण्यात सोडायचं.

फोटो दोन दिवसांत सोसायट्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. तिथल्या मंडळाचा अध्यक्ष साई, तिशीतला, जागांचे व्यवहार करणारा. त्याला तिथे केव्हापासून संगमरवराचं नवं देऊळ बांधायचं होतं. जुनी मंडळी देवी हलवू देत नव्हती. माझ्या एका ओळीने त्याचं काम झालं. रविवारी सकाळी त्याने सभामंडपात बैठक बोलावली आणि मला मान देऊन पुढे खुर्चीवर बसवलं. शंभरेक माणसं असतील. बायका मागे. बायडाबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर, मूर्तीकडे पाठ करून, म्हणजे कुणाला आतलं दिसू नये.

"सर, आमच्यात वाद आहेत," साई म्हणाला. "तुम्ही अभ्यासक. तुम्ही फक्त एक सांगा. मूर्ती भग्न आहे की नाही?"

तो का विचारतोय हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. मला माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो की विचार करून सांगतो. म्हणू शकलो असतो की पुरातत्त्ववाल्यांना एक पत्र लिहू, तोवर थांबा. पण शंभर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि आयुष्यात मला शंभर माणसांनी काही विचारलेलं नव्हतं.

"सायेब," बायडाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "न्हाई म्हना."

मला राग आला. माझ्या अभ्यासात ही मला शिकवणार.

"बाई, तुम्हाला मोजता येतं ना?" मी म्हणालो. "मागे वळा. देवीला हात किती असतात?"

"चार."

"आता किती आहेत? मोजा. मोठ्याने."

ती वळली. बराच वेळ बघत राहिली. मागे कुणीतरी "नकटी" असं कुजबुजलं आणि पोरीबाळी हसल्या.

"येक," ती म्हणाली.

"मग?" मी म्हणालो. "शास्त्राच्या नावाने खोटं बोलायला मी बसलेलो नाही. मूर्ती भग्न आहे, त्यात शंका नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. माझी विद्यार्थिनी पूर्णिमा त्या दिवशी सोबत होती. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "सर, तिला मोजायला लावायला नको होतं." मी तिला म्हटलं, भावनेने फोटो निघत नाहीत. ती त्यानंतर आली नाही.

बुधवारी मूर्ती क्रेनने उचलून मागच्या दगडखाणीत सोडली. खाणीत बारमाही पाणी आहे, तळ कुणी बघितलेला नाही. मी गेलो होतो. साखळीने दगडाची कड उडेल म्हणून मी त्यांना खाली गोणपाट घालायला लावलं. एवढी काळजी मी घेतली. बायडाबाई क्रेनच्या मागे चालत होती. काठावर थांबली. मूर्ती पाण्यात गेल्यावर ती खाली वाकली आणि हात धुतले. घरातलं माणूस गेल्यावर धुतात, तसे.

दिवाळीच्या आत नवं देऊळ झालं. राजस्थानहून आणलेली पांढरी देवी, हसरी, चारी हात शाबूत. पुढे स्टीलचा कठडा, पगारी पुजारी, आणि पाटी: मूर्तीस स्पर्श करू नये. पहिल्या मंगळवारी बायडाबाई शेंदराची वाटी घेऊन गेली तेव्हा पुजाऱ्याने तिला पाटी वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. चांदीचे डोळे तिने मंडळाकडे दिले होते, त्यांची पावती मिळाली.

जानेवारीत एका दुपारी माझ्या कर्वेनगरच्या घराची बेल वाजली. ती दारात उभी. दोन बस बदलून, चार जणांना विचारत आलेली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमी लई फोटू काडलं तितं. मळाईचा येक द्या. उशाला ठिवते."

मी म्हटलं, देतो की. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, एवढ्यावर मिटतंय. मी संगणक उघडला. सहा वर्षांचे त्या देवळाचे माझ्याकडे अकरा हजार फोटो आहेत. खांब आहेत, छताचं कमळ आहे, पायरीवरचं मांजर आहे, केरसुणी धरलेला तिचा हातसुद्धा आहे, कारण त्यावर ऊन सुंदर पडलं होतं. तासभर शोधलं. ती शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक फोटो बघत होती. शेंदराची मळाई एकातही नव्हती. कुठे कोपऱ्यात लाल कड, तीही मी नंतर कापलेली.

मग मी माझा तो फोटो छापून दिला. चांगल्या कागदावर, मोठा. त्याला डिसेंबरात बक्षीस मिळालं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. तिने तो दोन्ही हातांनी धरला, खिडकीशी नेला, उजेडात धरून बघितला.

"ही मला कशी वळखंल, सायेब? हिला डोळं न्हाईत."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "चेहरा फुटलेला आहे, बाई."

"व्हय," ती म्हणाली. "ते तुमी समद्या गावाला सांगितलंच की."

तिने फोटो टेबलावर ठेवला, पालथा, आणि चपला घालून जिना उतरायला लागली.