चार डावांचा मान

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पाच खेळाडू होते आणि त्यातले दोघं जागतिक दर्जाचे होते. एक मी. दुसरा लांबडा. त्याचं खरं नाव मी घेणार नाही, कारण त्याचं नाव कुठंही निघालं की त्याला कळतं आणि तो आणखी दोन इंच वाढतो. तो इतका उंच होता की वर्गात उभा राहिला की पंख्याला त्याचा वारा लागायचा. माझी उंची बेताची, पण माझी उडी अशी होती की वर गेलो की मला टेंभुर्णीचा आठवडी बाजार दिसायचा. एकदा तर वरून वांग्याचा भाव विचारून खाली आलो होतो.

जाफराबाद तालुक्यात आमचं मैदान एकुलतं एक असावं, आणि तेही सोयाबीन निघालं की खळं व्हायचं. आम्ही सोयाबीनवरून चेंडू आपटत नेत असू. त्यामुळं जिल्ह्याला फरशीवर खेळताना आम्हाला पाय घसरत नाहीत याचंच अवघड वाटायचं.

अडचण एवढीच होती की मी लांबड्याला चेंडू देत नसे आणि लांबडा मला देत नसे. मला त्याला द्यायची इच्छा नव्हती असं नाही. पण चेंडू माझ्या हातात आला की रिंग मला जवळ वाटायची आणि लांबडा दूर वाटायचा, मग तो शेजारी उभा असला तरी.

हे सगळं जीपवाल्याच्या पोराच्या मुळावर येत होतं. तो आमचा मधला खेळाडू. मागून चेंडू आणून आमच्यापैकी एकाला द्यायचा, एवढंच त्याचं काम. बारावी सायन्सला होता आणि गणिताच्या चाचणीत शंभरातले नऊ घेऊन आलता. बापानं स्पष्ट सांगितलं होतं, की नापास झालास तर दुसऱ्या दिवशी जाफराबादच्या फेरीला स्टेअरिंगवर बसायचं. त्याला औषधाच्या कॉलेजात जायचं होतं. संघ जिल्ह्यात पहिला आला तर विभागावर खेळायला मिळणार, विभागावर खेळलं की खेळाचे वाढीव गुण मिळणार आणि त्या गुणांवर गणित सुटणार, असा त्याचा हिशोब. गणितातला तेवढा एक हिशोब त्याला बरोबर जमला होता.

"भौ, माझं सगळं तुमच्या दोघांवर हाय," तो आम्हाला रोज म्हणायचा.

"दोघांवर कशाला?" लांबडा म्हणायचा. "मी एकटा बस्स हाय."

मीही तेच म्हणणार होतो, पण त्यानं आधी म्हटलं म्हणून मी चिडलो.

आमचे खेळाचे सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉलमधलं त्यांना एकच पटत नव्हतं, की इथं समोरच्याचा पाय धरला तर शिट्टी वाजते. आमचं भांडण मिटवायला त्यांनी त्यांच्या गावच्या पोळ्याची गोष्ट काढली. त्यांच्या गावी दोन घरांत वाद होता, तोरणाखालून आधी बैल कोणाचे. एका वर्षी कोणीच मागं हटेना. बैल उभे, माणसं उभी, दिवस मावळला तरी तोरण तुटेना, पोळा फुटेना. सरांच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी एक गोऱ्हा उभ्या उभ्या म्हातारा झाला. शेवटी जाणत्यांनी निकाल दिला, की एक वर्ष एका घराचा मान, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. तेव्हापासून भांडण नाही.

"बास्केटबॉलमधी डाव किती?" सरांनी विचारलं.

"चार, सर."

"मंग झालं. पहिला न् तिसरा याचा मान. दुसरा न् चौथा तुझा. ज्याचा मान त्यानंच रिंगीत टाकायचा. बाकीच्यांनी रिंगीकडं बघायचं बी न्हाई."

हजेरीत माझा नंबर नंतरचा, म्हणून चौथा डाव मला आला. लांबडा आठ दिवस जेवला नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवला नाही.

या पद्धतीनं आम्ही फायनलपर्यंत गेलो, हे मी शपथेवर सांगतो. समोरचे संघ गोंधळायचे. एका डावात ज्यानं एकट्यानं वीस गुण केले तोच पुढच्या डावात हाताची घडी घालून उभा, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

फायनल जालन्यात, शहरातल्या एका संघाशी. त्यांच्या दहाही पायांत बूट होते. दुसरा डाव संपेपर्यंत त्यांना संशय आला. तिसरा सुरू होताना त्यांच्या कॅप्टननं लांबड्याला सहज विचारलं, "अब किसका नंबर है?"

"अपनाच," लांबडा छाती काढून म्हणाला. "चौथा उसका."

झालं. तिसऱ्या डावात पाचही जण लांबड्याच्या अंगावर. चौथ्यात पाचही माझ्या अंगावर. माझ्याभोवती इतकी गर्दी झाली, की आत मला घरची आठवण यायला लागली. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. सरांनी टाइम-आउट घेतला.

"सर, मान मोडा," जीपवाल्याचं पोरगं म्हणालं. "लांबडा मोकळा उभा हाय. याला सांगा की, दे म्हणावं त्याला."

सर विचारात पडले. "दिलेला मान परत घेता येत न्हाई," ते म्हणाले. "ज्याचा हाय त्यानं सोडला तर गोष्ट येगळी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बुटांकडं बघितलं. बूट नव्हते, म्हणून पायांकडं बघितलं.

खेळ सुरू झाला. चेंडू माझ्याकडं आला, पाच जण आले. त्या दहा हातांच्या फटीतून मला लांबडा दिसला, रिंगीखाली एकटा, आणि त्याच्यामागं जीपवाल्याच्या पोराचं तोंड दिसलं. ते तोंड बघून माझ्या हातून जे झालं ते त्याआधी कधी झालं नव्हतं. मी चेंडू लांबड्याला दिला.

लांबड्यानं तो झेलला, रिंगीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चेंडू मला परत फेकला.

"तुझा मान हाय," तो म्हणाला. "मी कुणाचं उष्टं खात न्हाई."

"मी सोडला!" मी चेंडू परत दिला. "घे!"

"तू मोठा झालास व्हय? मी बी सोडला!"

चेंडू चार वेळा इकडून तिकडं गेला. समोरचे पाचही जण मधे उभे राहून माना फिरवत बघत होते. पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण फुंकायचं कशासाठी हे त्यांना आठवत नव्हतं. टेबलावरचा माणूस सेकंद मोजायला लागला. पाच, चार.

तीनला जीपवाल्याचं पोरगं मधे घुसलं. त्यानं लांबड्याच्या हातातला चेंडू हिसकावला आणि गुडघ्यात वाकून जीपच्या टपावर गाठोडं फेकतात तसा दोन्ही हातांनी खालून वर फेकला. चेंडू इतका वर गेला, की आम्ही सगळे तो खाली यायची वाट बघत उभे राहिलो. पंचांनी मधल्या वेळात घाम पुसला. मग चेंडू आला आणि रिंगीच्या कडेला न शिवता आत पडला.

आम्ही जिंकलो. विभागावर पहिल्याच सामन्यात इतक्या गुणांनी हरलो, की लिहिणाऱ्याला दुसरा कागद मागवावा लागला. पण प्रमाणपत्रावर खेळलो एवढंच लिहितात, कितीनं हरलो ते लिहीत नाहीत.

बारावीचा निकाल आम्ही तिघांनी टेंभुर्णीच्या फाट्यावर एका मोबाइलवर पाहिला. गणितात त्रेपन्न.

"खेळाचे धरून?" मी विचारलं.

"न्हाई. त्यांची गरजच लागली न्हाई. नुसते पेपरचे."

"मंग आम्ही मान सोडला तो फुकटच?" लांबडा म्हणाला.

"भौ, तुमची पहिली प्रॅक्टिस बघितली अन् त्याच दिवशी शिकवणी लावली," ते पोरगं अगदी शांतपणे म्हणालं. "तुमच्या भरवशावर राह्यलो असतो तर उद्यापासून स्टेअरिंगच होतं."

आम्ही दोघं त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी लांबडा माझ्या घरी आला. ओसरीवर बसला.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "पण शेवटचा चेंडू तर त्याला आपणच दिल्ता ना?"

"त्यानं हिसकावला," मी म्हणालो.

"हां," लांबडा म्हणाला. "ते बी खरंच."