खुर्ची एकच लावा

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी येरमाळ्यात एका जुन्या ट्रॅक्टरचा सौदा करत होतो. तिच्या कॉलेजचा माणूस बोलत होता. "आपल्या सुमनमॅडम..." आपल्या! रडू येण्याआधी राग आला. याच कॉलेजनं तिला डावलून तिच्या मागून नोकरीला लागलेल्या माणसाला प्राचार्य केलं. ती बाई, त्यात बौद्ध वस्तीतली. कारण कुणी बोललं नाही, ठाऊक सगळ्यांना होतं.

सुमन माझी धाकटी बहीण. मी सातवीत शाळा सोडून बाजारात दलाली शिकलो, तिनं पीएच.डी. केली. आपल्या भागातल्या शाळांत बाई मुख्याध्यापक झाली, त्यातही दलित बाई झाली, तर कारभार खरंच तिच्या हातात येतो का, हा तिचा अभ्यास. गावोगाव माझ्याच जीपमधून फिरली. तुमच्यावर अन्याय होतो का, असं ती कधी विचारत नसे. विचारायची, "सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी कोण ओढतं?"

भूम तालुक्यातल्या एका मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "झेंडा मीच बांधते की. वढायला सरपंच असत्यात."

"आन् तवा तुमी कुठं असता?"

"पेढ्याच्या ताटापाशी."

गाडीत मी भडकलो. "त्या सरपंचाला बघतोच मी!"

"दादा, गिऱ्हाइकाला तू आदी इंजिन ऐकू देतूस का न्हाय? मग मला बी ऐकू दे. बोंबलू नको."

त्या ऐकण्यातून तिचं पुस्तक झालं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते वाचतात, हे सांगताना माझा आवाज अजून चढतो.

महिन्यानं कॉलेजनं शोकसभा ठरवली. अध्यक्ष, तेच प्राचार्य. मी तिचा फोटो द्यायला नकार दिला. म्हणालो, "तिच्या अभ्यासातली एक मुख्याध्यापिका अध्यक्ष होईल. न्हायतर घरचं कुणी येणार न्हाय."

"मधलं काढू, दादा. दोघांनाही बसवू," कॉलेजचा माणूस म्हणाला.

"खुर्ची एकच लावा."

आयुष्यभर सौदे केले, पण इतका ताणून कुठलाच धरला नव्हता. दोन दिवसांनी ते आले वळणावर. भूमकडच्या त्याच बाई मधोमध बसल्या. प्राचार्य खाली, पहिल्या रांगेत. बाई म्हणाल्या, "मॅडम इचारून गेल्या आन् पुढच्या साली दोरी म्या वढली. गाठ लवकर सुटंना. सरपंच म्हनले, द्या इकडं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या, सुटंल." सभागृह हसलं. शोकसभेत हसलं... सुमनला आवडलं असतं.

आता ट्रॅक्टर बाईच्या नावावर असला की मी नवऱ्याशी भाव बोलत नाही. "मालकिणीला बोलवा," म्हणतो. परवा वाशी तालुक्यातल्या एका मालकिणीनं मला भावात असं घासलं, की चहा मलाच पाजावा लागला. नवरा मधे बोलायला लागला, तशी ती म्हणाली, "तुमी गप बसा वं, माझं चाललंय न्हवं?"

मीही गप्प बसलो.