द्रासची आई

हिराबाईंची आणि माझी ओळख भांडणानेच झाली. सुरतच्या उधन्यातल्या मराठी शाळेत मी पहिलीचे प्रवेश लिहून घेत होतो. मुलीचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "द्रास." माझ्या ऐकण्यात चूक झाली असावी असं समजून मी 'दर्शना' लिहिलं. साड्यांना टिकल्या चिकटवून कडक झालेलं बोट त्यांनी वहीवर ठेवलं. "खोडा ते."

"अहो, हे मुलीचं नाव नाही. लढाई झाली ती जागा आहे."

"मालूम शे माले. मना भाऊ तठेच ऱ्हायना." मला अहिराणी कळते की नाही, या शंकेनं त्यांनी पुन्हा सांगितलं, "कारगिलच्या लढाईत माझा धाकटा भाऊ तिथंच गेला, गुरुजी. ही तेव्हा पोटात होती."

मी खोडलं.

पुढे मी बमरोलीत त्यांच्याच गल्लीत राहायला गेलो. नवरा भास्करभाऊ पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. हिराबाई दिवसभर दारात साड्या पसरून बसलेल्या. त्या जाऊन आता वर्ष झालं, पण त्यांची हाक अजून कानात आहे. "द्रास, जेवायला चल! द्रास, वेणी घाल!" भावाच्याच नावावरून तिचं नाव का नाही ठेवलं, असं मी एकदा विचारलं. हातातली साडी बाजूला न ठेवता त्या म्हणाल्या, "त्याचं नाव गावानं दगडावर कोरलं. वर्षातून एकदा हार घालतात. मी ती जागा कधी बघितली नाही. म्हणून तिला घरी आणली. रोज रागावते तिच्यावर. आणि रोज जेवूही घालते."

शाळेत पोरं तिला 'त्रास' म्हणून चिडवायची. एक दिवस हिराबाई सरळ वर्गात आल्या. रागावल्या नाहीत. भाऊ गावी विहिरीत कशा उड्या मारायचा, इथून पाठवलेले पायमोजे त्याला कसे कमी पडायचे, हे त्यांनी पोरांना सांगितलं. मग म्हणाल्या, "आता म्हणा, काय म्हणायचं ते." त्या वर्षी चिडवणं थांबलं. पुढच्या वर्षी नवी पोरं आली, पुन्हा चिडवू लागली. हिराबाई पुन्हा आल्या.

खरी लढाई साखरपुड्यात झाली. मुलाची आई सहज म्हणाली, "पत्रिकेत नाव दिव्या छापू. माणसं मेली त्या जागेचं नाव आमच्या घरात नको. अपशकुन असतो."

भास्करभाऊंनी बायकोचा पदर ओढला, "जाऊ दे ना आता."

हिराबाई उठल्या. मुलाकडून लेकीला आलेली साडी त्यांनी घडीसकट विहीणबाईंपुढे ठेवली. "मनी आंडेर शे. माझी लेक आहे, नाव मी ठेवलंय. ते नको असेल, तर ही साडीही नको."

द्रास उठून आईशेजारी उभी राहिली. शेवटी मुलगाच बोलला, "आई, मी तिला पहिल्या दिवसापासून द्रासच म्हणतो. मला दुसरं नाव जमायचं नाही." विहीणबाईंनी साडी उचलून स्वतःच द्रासच्या हातात दिली.

परतताना मी हिराबाईंना विचारलं, "सोयरीक मोडली असती तर? भीती नाही वाटली?"

"वाटली ना!" त्या म्हणाल्या. "भाऊही भ्यालाच असेल, गुरुजी. म्हणून काय तो डोंगर उतरून खाली आला?"