एवढी घोडी झालीस!
रेसकोर्सच्या भिंतीपलीकडून ओल्या गवताचा आणि लिदीचा वास आला, की मला आई आठवते. दहावीत मी वर्गातल्या मुलांपेक्षाही उंच होते. "एवढी घोडी झालीस!" असं आई येताजाता म्हणायची, म्हणून मी पोक काढून चालायचे. एकदा बाबांना कुणीतरी शर्यतीचे पास दिले. शेवटच्या वळणावर एक काळी घोडी सगळ्यांच्या पुढे निघाली. "हेण्णु कुदुरे, अक्का!" शेजारी बसलेले कानडी आजोबा आईला कौतुकानं म्हणाले, म्हणजे 'घोडी आहे ती, ताई!' बाकी सगळे घोडे होते, घोडी ही एकटीच. ती जिंकली तेव्हा आई उभी राहून टाळ्या पिटत होती. परतताना बसस्टॉपवर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ताठ उभी राहा गं," ती म्हणाली, "घोडी आहेस माझी." त्या भिंतीपाशी माझी पाठ अजून आपोआप सरळ होते.