बांधून ठेवलेली ओळ

हल्ली इंदूरहून मुली येतात, पत्रिकेवर बोट फिरवतात आणि म्हणतात, "आंटी, थोड़ा और दबाके छापो ना, हाथ को लगना चाहिए." मला हसू येतं. माझे सासरे असते तर मशीन सोडून उठलेच असते. कार्डाच्या मागे ठसा उमटणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. लग्न होऊन मी देवासला आले त्या वर्षी त्यांनीच मला छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला शिकवलं. हिला स्वयंपाक तर येत नाही, निदान हे तरी येऊ दे, असं म्हणून. शाईच्या वासातल्या त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

त्यांची एक पद्धत होती. देवासची, धारची जी मराठी घराणी आमच्याकडेच छापायची, त्यांच्या लग्नपत्रिकेचा कायमचा मजकूर ते मोडत नसत. वर कुलदैवत, मग "आमचे येथे श्रीकृपेकरून", खाली घरच्या वडीलधाऱ्यांची नावं. हे सगळे खिळे सुतळीनं बांधून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवायचे. पुढचं लग्न निघालं की गठ्ठा उघडायचा, वधूवरांची नावं आणि मुहूर्त बदलायचा. प्रूफही तेवढ्याच ओळींचं वाचायचं. बाकीचं बरोबरच असणार, नाही का!

आता त्यातलं एकच घर माझ्याकडे येतं, धारच्या एका निवृत्त मास्तरांचं. माझ्या सासऱ्यांचे ते मित्र. गेल्या थंडीत त्यांचा फोन आला, "सूनबाई, नातीचं ठरलं. मजकूर तोच. गठ्ठा आहे ना?"

"आहे तर!" मी तोऱ्यात म्हटलं. नावं बदलली. मास्तरांना मोबाइलवरचं दिसत नाही, म्हणून प्रूफचा फोटो नातीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मस्त काकू, छाप दो." मी छापून मोकळी झाले.

पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवायची, हा आमच्या छापखान्याचा शिरस्ता. बोटाला कुंकू घेतलं आणि नजर खालच्या ओळीवर गेली. मास्तरांच्या नावाशेजारी त्यांच्या बायकोचं नाव होतं. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आले होते.

आधी राग आला, अर्थात दुसऱ्यावर. या पोरी हिंदी शाळेत शिकतात, मराठी वाचायचा कंटाळा, न वाचताच छाप दो! मग माझी मलाच लाज वाटली. धारला कधीही काम घेऊन गेले तरी त्या बाईनं मला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं, आणि तिचं जाणं माझ्या हातांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

हे फोनवर सांगायचं धाडस होईना. दुसऱ्या दिवशी पत्रिका पिशवीत घातल्या, इंदूरला बस बदलली आणि धारला पोचले. हे शेवटचं घर हातचं जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की म्हाताऱ्या माणसाला ते नाव असं अचानक छापलेलं दिसेल आणि तो कोसळेल. म्हणून पत्रिका हातात द्यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी पत्रिका खिडकीशी धरून वाचली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मला ते सोसवेना. मी नातीवर घसरले, "अगं, तू तरी वाचायचंस!"

"पढ़ा था काकू," ती म्हणाली. "बाकीचं अटक-अटक के वाचलं. आजीचं नाव एकदम वाचलं. मला वाटलं, गेलेल्यांचं नाव असं ठेवत असतील. अच्छा लगा, तो कुछ बोली नहीं."

जी वाचतच नाही असं मी धरून चालले होते, तिनं ती ओळ वाचली होती, आणि ती मीच वाचली नव्हती.

ती आजोबांकडे वळली. "राहू द्या ना आजोबा. आजीच बुलाएगी सबको."

मास्तरांनी पत्रिका मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं तिचा हात धरला.

"नको बाळा. सूनबाई, पुन्हा छापा. लोक हे वाचून येतील आणि दारात तिला शोधतील. मी तर रोजच शोधतो. त्या दिवशी आणखी कुणी शोधायला नको."